दिवा लागला, पण दुरुस्ती झाली का?

घरातील वीज बंद पडली की पूर्वी लोक हाताशी असेल ती तार, काडी किंवा चिंधी वापरून ती पुन्हा सुरू करीत. दिवा लागे आणि सर्वांना आनंद होई. पण अशा कामचलाऊ दुरुस्तीत कोणता धोका लपलेला असे, हे लेखकाने आपल्या लहानपणच्या एका प्रसंगातून या पाठात सांगितले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, रात्री तुमच्या घरातले दिवे अचानक गेले तर तुम्ही काय करता? आधी खिडकीतून बाहेर पाहता. सगळीकडे अंधार असेल तर "लाइट गेली" असे म्हणून स्वस्थ बसता. पण शेजारी उजेड असेल आणि फक्त आपल्याच घरात अंधार असेल तर? मग घरातील मोठे माणूस दाराजवळच्या पेटीपाशी जाते. पेटीतला एक छोटा खटका खाली पडलेला असतो. तो वर केला की दिवे पुन्हा लागतात.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी हे काम इतके सोपे नव्हते. त्या वेळी मी तुमच्याएवढाच होतो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस या गावी राहत होतो. घराच्या भिंतींवर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या होत्या आणि त्या पट्ट्यांवरून विजेच्या तारा नेलेल्या होत्या. दाराजवळ एक लाकडी फळी होती. तिच्यावर मीटर, मेन स्विच आणि चिनी मातीचे पांढरे फ्यूज बसवलेले होते. या फ्यूजला दुकानदार 'किटकॅट' म्हणत. त्याच्या आत केसासारखी बारीक तार असे. ती वितळली की घरात अंधार होई. त्यालाच लोक 'फ्यूज उडाला' असे म्हणत.

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना २० जून १९६० रोजी झाली. त्यानंतरच्या काळात लहान गावांमध्येही विजेचे खांब उभे राहिले. जेथे कंदील होता, तेथे बल्ब आला. हातपंख्याच्या जागी छताचा पंखा आला. घरोघरी वीज आली, पण विजेची माहिती मात्र तितक्या लवकर आली नाही. वायरमन एक आणि त्याच्याकडे गावे अनेक. रात्री दुकाने बंद. अशा वेळी लोक आपल्या गल्लीतल्या एखाद्या हुशार माणसाला हाक मारीत.

आमच्या गल्लीत असे एक चाचा होते. ते मिठाईच्या दुकानात काम करीत. पण पकड, पेचकस आणि टेस्टर ही तीन हत्यारे त्यांच्या खिशात नेहमी असत. वीज ते कोठे शिकले नव्हते. पाहून पाहून शिकले होते. कोणाचा पंखा बंद पडो, कोणाची इस्त्री बिघडो, चाचा लगेच धावून येत. पैसे विचारले तर म्हणत, "चहा पाज बेटा, तेवढे पुरे!"

चाचांच्या युक्त्या पाहून आम्हां मुलांना मोठे नवल वाटे. फ्यूजची तार नसली की ते जुन्या वायरमधला तांब्याचा एक धागा ओढून काढीत आणि फ्यूजमध्ये गुंडाळीत. तोही नसला तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद वापरीत. हीटरच्या शेगडीची कॉइल तुटली, तर दोन्ही टोके ओढून एकमेकांत अडकवीत. वायर तुटली तर पीळ देऊन जोडीत आणि वर काळी टेप गुंडाळीत. टेप नसेल तर कापडाची चिंधीही चाले. पिन नसेल तर वायरीची दोन उघडी टोके भिंतीवरच्या छिद्रांत घालीत आणि ती निघू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या खोचीत.

असे करणारे आमचे चाचा एकटेच नव्हते. गावोगावी असे चाचा आणि असे काका होते. दूरच्या अमेरिकेतही लोक हेच करीत. तेथे पूर्वी बल्बसारखे फिरवून बसवायचे फ्यूज असत. फ्यूज उडाला की काही लोक त्याच्या मागे तांब्याचे एक सेंटचे नाणे ठेवीत. दिवे लागत, पण त्यातून घरांना आगीही लागत.

आता आमच्या घरची गोष्ट ऐका.

मार्च महिना होता. आपाची दहावीची परीक्षा सुरू होती. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता. रात्री नऊच्या सुमारास आपा अभ्यास करीत होती. अम्मीने विजेच्या शेगडीवर चहा ठेवला होता आणि अब्बा इस्त्री करीत होते. एकाएकी सगळे दिवे गेले. आपा रडकुंडीला आली. अब्बांनी मला सांगितले, "पळ, चाचांना बोलावून आण."

चाचा आले. टॉर्चच्या उजेडात त्यांनी फ्यूज बाहेर काढला. आतली तार वितळून गेली होती. चाचांनी जुन्या वायरीतले चार-पाच धागे काढले, एकत्र पिळले आणि फ्यूजमध्ये घट्ट बसवले. लख्ख उजेड पडला. आपा हसली. अब्बा म्हणाले, "वा! आता काही काळजी नाही."

चाचा हसून म्हणाले, "आता हा फ्यूज कधीच उडणार नाही!"

त्या रात्री हे वाक्य आम्हां सर्वांना फार आवडले. तेच सर्वांत धोक्याचे वाक्य आहे, हे आमच्यापैकी कोणालाच कळले नाही.

त्यानंतर शेगडी आणि इस्त्री एकाच वेळी चालू असली तरी दिवे जात नसत. कधी कधी भिंतीवरच्या पट्टीजवळून जळका वास येई. अम्मी म्हणे, "शेजारी काहीतरी करपले असेल."

मे महिना आला. यवतमाळ जिल्ह्यातला उन्हाळा किती कडक असतो, हे तुम्हांला माहीतच आहे. पारा ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. पूर्वी लोक दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावीत आणि त्यांवर पाणी शिंपडीत. मग पत्र्याचे कूलर आले. त्या वर्षी अब्बांनीही एक जुना कूलर विकत आणला. त्याच्या पंपाची वायर तुटलेली होती. चाचांनी ती पीळ देऊन जोडली आणि वर टेप गुंडाळली. कूलरला पिन नव्हती. चाचांनी वायरीची दोन टोके भिंतीवरच्या छिद्रांत घातली आणि आगकाड्या खोचल्या. त्या खोक्याला वरच्या बाजूस तिसरे मोठे छिद्रही होते. मी विचारले, "चाचा, हे तिसरे छिद्र कशासाठी?"

"ते रिकामे राहिले तरी चालते, बेटा," चाचा म्हणाले. आणि खरोखरच कूलर चालू झाला. गार वारा आला. आम्ही सर्व खूश झालो.

आठ-दहा दिवसांनंतरची गोष्ट. दुपारची वेळ होती. अम्मीने मला कूलरच्या टाकीत पाणी टाकायला सांगितले. फरशीवर पाणी सांडलेले होते आणि मी अनवाणी होतो. कूलर चालूच होता. एका हातात बादली धरून मी दुसऱ्या हाताने टाकीची कड पकडली.

पुढचे मला नीट आठवत नाही. एवढेच आठवते, की माझा हात पत्र्याला चिकटला होता. मला तो सोडवता येत नव्हता आणि ओरडताही येत नव्हते. बादली खाली पडल्याचा आवाज तेवढा झाला.

तो आवाज ऐकून अम्मी धावली. ती मला धरणार, इतक्यात दारातून चाची ओरडल्या, "हात लावू नका!" चाची आमच्याकडे पीठ मागायला आल्या होत्या. त्यांनी क्षणाचाही वेळ न घालवता दाराजवळच्या फळीवरचा मेन स्विच खाली ओढला. कूलर थांबला आणि मी फरशीवर कोसळलो. मेन स्विच कोठे असतो आणि तो कसा बंद करायचा, हे चाचांनीच त्यांना दाखवून ठेवले होते. त्या एका शिकवणीने माझा जीव वाचला. अम्मीने मला धरले असते, तर कदाचित आम्ही दोघेही वाचलो नसतो.

अब्बांनी मला लगेच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि रात्रभर तेथेच ठेवून घेतले. विजेचा झटका लागल्यावर माणूस वरून ठीक दिसला तरी हृदयावर परिणाम झालेला असू शकतो, म्हणून तपासणी आवश्यक असते.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी एका वायरमनला घरी बोलावले. तो तरुण होता. त्याने आय.टी.आय.मध्ये तारतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता. चाचाही तेथे आले होते. ते कोणाशी बोलत नव्हते.

वायरमनने कूलर उघडला. पंपाच्या वायरीवरची टेप ओलाव्याने सैल झाली होती. आतली तार उघडी पडून पत्र्याला टेकली होती. त्यामुळे संपूर्ण कूलरमध्ये वीज उतरली होती. मग त्याने फ्यूज काढून पाहिला आणि तो चाचांच्या हातात दिला. तो म्हणाला, "चाचा, विजेपासून घराचे रक्षण करायला तीन पहारेकरी असतात. या घरात तिन्ही पहारेकऱ्यांना सुट्टी दिली होती."

मित्रांनो, हे तीन पहारेकरी कोणते ते नीट समजून घ्या.

पहिला पहारेकरी म्हणजे तारेवरचे आवरण. तांब्यातून वीज सहज वाहते. रबर आणि प्लॅस्टिक यांतून ती वाहत नाही. म्हणून तारेवर असे आवरण असते. ते तुटले की वीज बाहेरच्या वस्तूत शिरू शकते. ओली चिंधी किंवा सैल टेप हे आवरणाचे काम करू शकत नाही. पाण्याजवळ तर मुळीच नाही.

दुसरा पहारेकरी म्हणजे फ्यूज. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची असते. दिव्यांच्या जोडणीसाठी साधारणपणे ५ अँपिअरचा फ्यूज वापरत. ५ ला २३० ने गुणले तर ११५० येतात. म्हणजे त्या जोडणीवर सुमारे ११५० वॅटपर्यंतची उपकरणे सुरक्षितपणे चालू शकत. आमची शेगडी २००० वॅटची होती आणि इस्त्री ७५० वॅटची. दोन्ही मिळून २७५० वॅट झाले. त्यांना सुमारे १२ अँपिअर विद्युतप्रवाह लागत होता. तार तापण्याचे प्रमाण प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ५ चा वर्ग २५ आणि १२ चा वर्ग १४४. म्हणजे भिंतीवरच्या तारांमध्ये जवळजवळ पावणेसहा पट उष्णता तयार होत होती. म्हणूनच परीक्षेच्या रात्री फ्यूजची तार वितळली. ती बिघडली नव्हती. ती आपले काम करीत होती. "एवढा भार मला झेपत नाही," असे ती सांगत होती. आम्ही तिचे ऐकले नाही. तिच्या जागी जाड तार बसवली. मग वितळायचे काम कोण करणार? भिंतीवरच्या तारा! तो जळका वास शेजारच्या घरातला नव्हता, आमच्याच तारांचा होता. लाकडी पट्टीवर ती तार पेटली असती, तर घरच पेटले असते.

शेगडीच्या तुटलेल्या कॉइलचेही असेच आहे. टोके जोडताना कॉइलचा थोडा भाग वाया जातो आणि ती आखूड होते. तार आखूड झाली की तिचा रोध कमी होतो आणि तिच्यातून जास्त प्रवाह वाहतो. म्हणजे जोडलेली शेगडी पहिल्यापेक्षा जास्त वीज ओढते. शिवाय जोड ढिला असेल तर तेथे ठिणग्या उडतात.

तिसरा पहारेकरी म्हणजे अर्थिंग. भिंतीवरच्या तीन छिद्रांपैकी वरचे मोठे छिद्र यासाठीच असते. त्यातून एक तार थेट जमिनीत जाते. पूर्वी अंगणात खड्डा खणून त्यात धातूची पट्टी किंवा नळी पुरत आणि भोवती कोळसा व मीठ घालीत. उन्हाळ्यात माती कोरडी पडली की त्यात पाणी ओतीत. उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या सोप्या वाटेने जमिनीत जाते. त्या वेळी प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. म्हणजे दुसरा आणि तिसरा पहारेकरी एकमेकांच्या मदतीने काम करतात. आमच्या कूलरला अर्थिंग नव्हते. विजेला जमिनीत जायला वाट हवी होती. ती वाट मी झालो.

हे ऐकून अब्बांनी विचारले, "पण फ्यूजची तार बारीक असती, तर मुलाला झटका लागताच ती वितळली नसती का?"

वायरमनने मान हलवली. "नाही. फ्यूज तारेचे आणि घराचे रक्षण करतो. एकटा फ्यूज माणसाला वाचवू शकत नाही," तो म्हणाला.

असे का, ते पाहा. एक अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर. सुमारे १० ते १६ मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून गेला, तर हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह काही काळ वाहत राहिला, तर जीव धोक्यात येतो. साठ वॅटचा एक साधा बल्ब सुमारे २६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. आणि ५ अँपिअरचा फ्यूज तर ५००० मिलिअँपिअर प्रवाह सहज जाऊ देतो. म्हणून तिन्ही पहारेकरी आपापल्या जागी असावे लागतात. एक आहे म्हणून दुसऱ्याला सुट्टी देता येत नाही.

वायरमन काम करू लागला. त्याने पंपाची पूर्ण वायर बदलली. कूलरला तीन तारांची नवी वायर लावली आणि पक्की पिन बसवली. अंगणात अर्थिंगचा खड्डा केला. फ्यूजमध्ये योग्य जाडीची तार घातली. शेगडी आणि इस्त्री यांसाठी वेगळी जोडणी करून दिली. हे सर्व करायला त्याला दोन दिवस लागले. चाचा दोन्ही दिवस त्याच्या शेजारी बसून होते. काम संपल्यावर ते माझ्याजवळ आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बेटा, मी इतकी वर्षे दिवे लावत होतो. दुरुस्ती करत नव्हतो."

मित्रांनो, चाचांचे हे वाक्य मी अजून विसरलो नाही. 'दुरुस्ती' हा शब्द मराठीत आहे आणि तुमच्या उर्दूतही आहे. 'दुरुस्त' म्हणजे बरोबर, योग्य. जी गोष्ट योग्य झालीच नाही, तिला दुरुस्ती कसे म्हणायचे? दिवा लागला, पंखा फिरला म्हणजे वीज आली एवढेच समजते. ती सुरक्षित आहे की नाही, हे दिवा सांगत नाही.

चाचांना दोष देणे सोपे आहे. पण ते वाईट माणूस नव्हते. लोकांच्या अडचणीच्या वेळी ते धावून येत. त्यांची चूक एकच होती. फ्यूज उडाला की 'तो पुन्हा कसा लावू?' असे ते विचारीत. 'तो का उडाला?' असे विचारीत नसत. आणि आम्ही सर्वजण त्यांच्याकडे तेवढेच मागत होतो. या प्रसंगानंतर चाचांनी जुन्या वायरीचे धागे टाकून दिले. खिशात फ्यूज-तारेचे छोटे बंडल ठेवू लागले. फ्यूज उडाला की आधी घरात काय काय चालू होते ते विचारीत. वायर बदलण्याचे काम निघाले तर सरळ सांगत, "हे माझे काम नाही. वायरमनला बोलवा."

त्या काळच्या कायद्यातही हेच सांगितले होते. 'भारतीय विद्युत नियम, १९५६' यांनुसार घरातल्या वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेणे आवश्यक होते. बल्ब, पंखा, स्विच किंवा फ्यूज बदलायला मोकळीक होती. पण त्यामुळे जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये, अशी अट होती. म्हणजे ५ अँपिअरच्या जागी ५ अँपिअरचीच तार चाले. चार-पाच धाग्यांचा पीळ या नियमात बसत नव्हता.

आता काळ बदलला आहे. विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन झाले आणि घरोघरी वीज पोहोचवण्याचे काम महावितरण ही कंपनी बहुतेक ठिकाणी करू लागली. अनेक घरांत फ्यूजच्या जागी एम.सी.बी. नावाचे खटके आले आहेत. भार वाढला की ते आपोआप खाली पडतात. माणसाला वाचवण्यासाठीही एक वेगळे उपकरण मिळते. आत जाणारी आणि परत येणारी वीज यांत सुमारे ३० मिलिअँपिअर एवढा फरक पडला, तरी ते क्षणात वीज बंद करते. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या घरी ते असते, तर मला इतका वेळ पत्र्याला चिकटून राहावे लागले नसते.

पण उपकरणे बदलली तरी सवयी लवकर बदलत नाहीत. खटका पुन्हा पुन्हा खाली पडतो म्हणून त्याच्या जागी मोठ्या क्षमतेचा खटका बसवणारे लोक आजही आहेत. जाड तार बसवणाऱ्या आमच्या चाचांमध्ये आणि त्यांच्यात काय फरक आहे? विदर्भात अजूनही उन्हाळ्यात कूलरचा झटका लागून माणसे दगावतात. टाकीत पाणी भरणारी ही माणसे कोणाची तरी अम्मी, कोणाचा तरी भाऊ, तुमच्याएवढी मुले असतात.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेल्यावर एवढे करा. आपल्या घराचा मेन स्विच कोठे आहे ते पाहून ठेवा आणि घरातील सर्वांना दाखवा. कूलरची पिन तीन दांड्यांची आहे का, वायर कोठे जोडलेली आहे का, ते दुरूनच पाहा. काही चुकीचे दिसले, तर स्वतः हात लावू नका, मोठ्यांना सांगा. पाणी भरण्यापूर्वी कूलर बंद करा, पिन काढा, पायांत कोरड्या चपला घाला. कोणाला झटका लागला, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकला. मग १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. खांबावरची तार तुटून पडली असेल, तर मात्र जवळही जाऊ नका. इतरांना दूर ठेवा आणि १९१२ या क्रमांकावर कळवा.

आणि पुढच्या वेळी घरातले दिवे गेले, कोणी येऊन ते लावून दिले, सर्वजण खूश झाले, की तुम्ही एक प्रश्न नक्की विचारा: "दिवा लागला, पण तो गेला का होता?"

शब्दार्थ

कामचलाऊ – तेवढ्यापुरता उपयोगी पडणारा
पकड – तार धरण्याचे व तोडण्याचे हत्यार
पेचकस – स्क्रू फिरवण्याचे हत्यार
ताटी – वाळा भरून केलेला पडदा
आवरण – वरचे आच्छादन
अनवाणी – पायांत चपला न घालता
रोध – अडथळा. विजेच्या वाहण्याला होणारा विरोध
पहारेकरी – राखण करणारा, चौकीदार
परवानाधारक – ज्याच्याकडे सरकारी परवाना आहे असा

वाक्प्रचार

रडकुंडीला येणे – रडण्याच्या बेतात असणे
धावून येणे – मदतीसाठी लगेच येणे
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखक लहानपणी कोठे राहत होते?
(आ) चाचांच्या खिशात कोणती हत्यारे असत?
(इ) मेन स्विच कोणी बंद केला?
(ई) भिंतीवरचे तिसरे मोठे छिद्र कशासाठी असते?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) परीक्षेच्या रात्री फ्यूज का उडाला?
(आ) जळका वास कोठून येत होता? का?
(इ) एकटा फ्यूज माणसाला का वाचवू शकत नाही?

प्र. ३. कोण, कोणाला म्हणाले ते लिहा.
(अ) "ते रिकामे राहिले तरी चालते."
(आ) "हात लावू नका!"
(इ) "मी इतकी वर्षे दिवे लावत होतो. दुरुस्ती करत नव्हतो."

प्र. ४. 'दुरुस्त' हा शब्द मराठीत व उर्दूत आहे. या पाठातील असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

प्र. ५. गणित करून पाहा. ७५० वॅटची इस्त्री आणि ६० वॅटचे चार बल्ब ५ अँपिअरच्या जोडणीवर एकाच वेळी चालतील का?

उपक्रम : घरातील आजी-आजोबांना त्यांच्या काळातील विजेच्या कामचलाऊ दुरुस्त्यांविषयी विचारा. त्यांत कोणत्या पहारेकऱ्याला सुट्टी दिली होती, ते वर्गात सांगा.